चौमाशाच्या माणसानं मैदानात येऊ नये

आखाड लागला की साहेबरावांची जीप खुलताबादच्या घाटाखालच्या वस्तीवर यायची आणि मागच्या फळीवरून दोन कारवानी कुत्री खाली उड्या टाकायची. दसरा झाला की तीच जीप परत यायची आणि कुत्री घेऊन जायची. मधले चार महिने पुंजारामचे. उरलेल्या आठ महिन्यांत त्या कुत्र्यांनी कोणती जत्रा मारली, कुठं मार खाल्ला, हे त्याला फोनवर कळायचं, तेही साहेबरावांना आठवण झाली तर.

साहेबराव चिकलठाण्याचे. विमानतळाच्या मागं त्यांच्या घराण्याची काळी जमीन होती. तिचा एक तुकडा कारखान्यांत गेला, एक रस्त्यात गेला, आणि राहिलेल्याचे त्यांनी स्वतःच प्लॉट पाडले. त्यांचे आजोबा घोड्यावर बसून सशामागं कुत्री सोडायचे. ती शिकार कायद्यानं बंद झाली त्याला जमाना लोटला. शिकार गेली, कुत्री राहिली. आता ती जत्रांमधून पळतात. पुढं मोटारसायकल, तिच्या मागं दोरीला बांधलेलं बकऱ्याचं काळं कातडं, आणि त्या कातड्यामागं सोडलेली कुत्री. सुगी निघाली की हंगाम सुरू होतो आणि चैत्राच्या उन्हात संपतो. पावसाळ्यात रानात कपाशी आणि मका उभी असते, काळ्या मातीतून माणसाची चप्पल निघत नाही, तिथं कुत्रं काय पळणार? आणि चार महिने बसून राहिलेलं कारवानी कुत्रं दिसायला तेच दिसतं. सोडल्यावर कळतं की आतलं कुत्रं बदललंय.

म्हणून हा घाटाखालचा माळ. जमीन मुरमाड, पाऊस थांबला की घटकाभरात पाय ठेवण्याजोगी. खाली पाझर तलाव, कुत्र्यांना पोहवायला. साहेबरावांच्या आजोबांनी हा माळ हेरला आणि पुंजारामच्या बापाला कामाला लावलं. बापामागं पुंजाराम. मोबदला बाजरीच्या पोत्यांत यायचा आणि दिवाळीला कापडं.

या कामाला एकच नियम होता. चौमाशात कुत्री सांभाळणाऱ्या माणसानं शर्यतीच्या मैदानात यायचं नाही. कारण साधं सांगितलं जायचं. चार महिने ज्यानं खाऊ घातलं, पळवलं, ज्याच्या घोंगडीशेजारी कुत्रं निजलं, त्याचा वास आला की ते कातडं सोडून त्याच्याकडं वळतं. मग शर्यतही गेली आणि मालकाची पतही. जिंकणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला पंच फेटा बांधतात. कुत्रं वळलं की तो दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. पुंजारामच्या बापानं म्हणे एकदा नियम मोडला होता. तेव्हा हौशा नावाचं कुत्रं भर मैदानातून दोरी ओलांडून त्याच्या पायाशी येऊन बसलं. ही गोष्ट पुंजारामनं बापाकडून ऐकली होती, साहेबरावांनी आजोबांकडून. डोळ्यांनी पाहिलेलं माणूस कुणी उरलं नव्हतं.

पुंजारामला या नियमाचा राग कधीच नव्हता. उलट त्यातच त्याची ऐट होती. जत्रेच्या दिवशी तो मुद्दाम वेरूळ रस्त्याच्या फाट्यावर, चहाच्या टपरीवर येऊन बसायचा. कुणी ना कुणी विचारायचंच, काय पुंजाबा, आज जत्रा, तुमी इथं? मग तो बिडी विझवून सांगायचा, "आपुन गेलो तं कुत्रं पळत नाय. आपल्याकडं येतं." एवढं बोलून गप्प. ऐकणाऱ्यानं मान डोलवायची. साठी गाठलेल्या माणसाला टपरीवर मान मिळायला एवढं पुरतं.

सखाराम मात्र मान डोलवायचा नाही. तो फाट्यावर पंक्चर काढायचा, आणि गावातल्या प्रत्येक गोष्टीला कुठून हवा जाते हे बघायची त्याला सवय होती.

"येतं म्हन्तो, कुणी बघितलं?" गेल्या चौमाशात त्यानं सगळ्यांसमोर विचारलं.

"माझ्या बापाच्या वक्ताला..."

"तुझ्या बापानं सांगितलं. माझा बाप सांगायचा, निजामाच्या हत्तीला त्यानं चिंच चारली. मी म्हन्तो, तू बघितलं का?"

"गेलोच नाय तं कसं बघनार?"

"आन् गेलाच नाय तं कुत्रं येतं हे तुला कसं ठावं?" सखाराम ट्यूब पाण्यात दाबत म्हणाला. "लई हुशार हायत ते चिकलठाण्यावाले. राबायचं तू, फेटा त्येंचा. वरून तुलाच सांगून ठिवलं, तू नको येऊ, कुत्र्याचा लई जीव हाय तुझ्यावर."

टपरीवरचे हसले. पुंजारामही हसला. पण चहा त्यानं अर्धाच प्यायला.

त्या चौमाशात दारात पाखरी होती. पाखरी तिसऱ्यांदा आलेली, फिकट गव्हाळ रंगाची, अंगावर बरगड्या मोजता याव्यात अशी. बरोबर सुरमा नावाचा काळसर नर, पण तो पाखरीच्या सोबतीला म्हणून. साहेबरावांचा जीव पाखरीवर होता, आणि त्यांनी जीपमधून उतरताना सांगितलंही होतं, "पुंजाराम, हा हिचा शेवटचा हंगाम. पुढच्या साली हिला पळवायची नाही, पिलं घ्यायची. एवढी एक पौषातली जत्रा मारून दे."

पुंजारामची रीत ठरलेली होती. पहाटेच्या गारव्यात दोन्ही कुत्री सायकलीला बांधून माळाच्या कडेनं दुडक्या चालीनं नेणं. नंतर तलावात पोहणं. पावसाची उघडीप असेल त्या दिवशी कातडं. शेजारचा एक जण मोटारसायकलवर कातडं ओढायचा आणि पुंजाराम वरच्या अंगानं कुत्री सोडायचा. संध्याकाळी काताच्या पाण्यात पंजे बुडवून ठेवायचे, म्हणजे तळवे चिवट होतात. ताकात कुस्करलेली बाजरीची भाकर, आठवड्यातून दोनदा मटणाच्या दुकानातले तुकडे. माळावर खरा ससा उठला तर कुत्री आवरून धरायची, कारण वनखात्याचा माणूस एकदा दारात येऊन नाव लिहून गेला होता.

यात एक काम मात्र त्याचं स्वतःचं होतं. जत्रेतलं कुत्रं पळायला कमी पडून हरत नाही. बाजूला बघून हरतं. दोन्ही अंगांना दोरी, दोरीमागं हजार माणसं, ढोल, शिट्ट्या, वड्यांचा वास. म्हणून पुंजाराम माळावरच जत्रा भरवायचा. पळण्याच्या वाटेच्या एका बाजूला त्याची बायको सारजाबाई पितळी ताट आणि उलथनं घेऊन उभी राहायची. दुसऱ्या बाजूला शेळ्या. मध्येच शेजारणीची पोरं आरडाओरडा करायची. एका जागी तो मटणाचा तुकडा ठेवायचा. पाखरीनं पहिल्या वर्षी मान वळवली तेव्हा त्यानं तिला त्या दिवशी उपाशी ठेवलं. दुसऱ्या वर्षी तिनं तुकड्याकडं नुसता डोळा फिरवला, तर कातडं तिच्या दातांत येऊ न देता लांब नेलं. तिसऱ्या वर्षी सारजाबाईनं ताट तिच्या कानाशी आपटलं तरी पाखरीच्या नजरेत कातड्याशिवाय काही नव्हतं.

"आता काय ऱ्हायलं हिला शिकवायचं?" सारजाबाई ताट पदरानं पुसत म्हणाली. "मीच बहिरी व्हायची यळ आली."

"कायच नाय," पुंजाराम म्हणाला. तो खुशीत होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी जीप आली. पाखरी फळीवर चढली आणि बसली. मागं वळून बघितलं की नाही हे पुंजारामनं पाहिलं नाही. तो ड्रायव्हरला पंज्यांच्या तेलाची बाटली देत होता. पण या खेपेला जीप घाट चढेपर्यंत तो रस्त्यात उभा राहिला, आणि घरात येऊन म्हणाला, "मी यंदा जत्रेला जानार."

सारजाबाई चुलीपुढं होती. "कोन्च्या?"

"पौषातल्या. पाखरीची शेवटची हाय. लांबून बघीन. वाऱ्याच्या खालच्या अंगाला उभा ऱ्हाईन, तिला वास नाय जानार."

"आन् गेला मंग?"

पुंजारामनं कुत्र्यांची रिकामी साखळी खुंटीला अडकवली. सारजाबाईनं भाकर उलटली आणि नवऱ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात तिला एवढं कळत होतं की हा माणूस लांबून बघायला निघालेला नाही.

पौषातली ती जत्रा जालना रोडच्या आतल्या अंगाला एका गावात भरते. पुंजाराम सकाळच्या एस.टी.नं शहरात आला, क्रांती चौकात पुलाखाली उभा राहून रिक्षावाल्यांशी घासाघीस केली आणि चिकलठाण्यापर्यंत आला. तिथून जत्रेचीच माणसं भरलेल्या टेम्पोत. डोक्याला आणि तोंडाला त्यानं टॉवेल गुंडाळला होता. थंडीमुळे ते कुणाला वावगं वाटलं नाही.

मैदान म्हणजे तुरी काढून सपाट केलेलं लांबच लांब रान. दोन्ही बाजूंना दोरी, एका टोकाला मांडव, भोंगा. कुत्री जीपमधून, पिकअपमधून आली होती. काहींच्या अंगावर शाली, काहींच्या गळ्यात झेंडूच्या माळा. पुंजारामला साहेबरावांची जीप लगेच दिसली. पाखरीच्या अंगावर लाल मखमलीची झूल होती आणि तिच्या शेजारी साहेबरावांचा मुलगा शिवराज मित्रांसोबत फोटो काढत होता. पुंजाराम मुकाट्यानं लांबून वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला गेला आणि एका रसवंतीच्या गाडीमागं उभा राहिला.

"चाचा, रस पीते क्या?" गाडीवाल्यानं विचारलं. "नक्को तो जरा बाजू हो जाव, गिऱ्हाईक को दिखताच नै मैं."

पुंजारामनं रस घेतला. त्याला तेवढ्यावर उभं राहण्याचा हक्क मिळाला.

पहिल्या फेरीत पाखरी सुटली तेव्हा रसाचा पेला त्याच्या हातातच राहिला. माळावर तो तिला नेहमी मागून बघायचा, सोडणारा म्हणून. लांब होत जाणारी पाठ आणि धूळ. समोरून येताना त्यानं तिला कधी पाहिलंच नव्हतं. बाकीची तीन कुत्री धावत होती. ही जमिनीवर जेमतेम टेकत होती. मागचे पाय पुढच्या पायांच्याही पुढं पडायचे, मग अख्खं अंग धनुष्यासारखं उलगडायचं, आणि डोकं मात्र एका रेषेत, जणू ते कुणी दोरीवरून सरकवत आणलंय. कातडं तिनं रेषेच्या आतच धरलं. भोंग्यावरचा माणूस ओरडला, "चिकलठाण्याची पाखरी!" रसवंतीवाला म्हणाला, "क्या बात है! किसकी है?"

"माझी," पुंजाराम म्हणाला.

गाडीवाल्यानं त्याच्या टॉवेलाकडं, चपलांकडं बघितलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

तिथून तो निघाला असता तर सगळं जसं होतं तसं राहिलं असतं. त्यानं पाहायचं ते पाहिलं होतं. पण अंतिम फेरीची वेळ झाली आणि पुंजाराम गाडीमागून बाहेर आला. माणसं सारत तो दोरीपाशी गेला, मैदानाच्या मधोमध, वाऱ्याच्या वरच्या अंगाला. तोंडावरचा टॉवेल त्यानं सोडला आणि खांद्यावर टाकला. पलीकडच्या टोकाला साहेबराव पंचांशेजारी उभे होते, त्यांना तो दिसण्यासारखा नव्हता. आणि दिसला असता तरी आता त्याला पर्वा नव्हती. सखारामचा प्रश्न त्याच्यापुढं होता, आणि उत्तर चार पायांवर येणार होतं. शर्यत गेली तर जाऊ दे. मालकाचा फेटा गेला तर जाऊ दे. एकदा तिनं सगळ्यांदेखत वळावं.

मोटारसायकल धुरळा उडवत गेली. मागून कुत्री आली. पाखरी पुढं होती, तिच्या मागं जालन्याकडचा एक पांढरा नर. पुंजाराम दोरीवरून वाकला, दोन्ही हात पसरले आणि माळावर तो रोज संध्याकाळी मारायचा ती हाक मारली.

"पाखरेऽऽ! हे ये, ये, येऽऽ!"

ती त्याच्यापासून दोन हातांवरून गेली. तिच्या पंज्यांची माती त्याच्या धोतरावर उडाली. तिचा कान हलला नाही, डोळा फिरला नाही, पावलांत फरक पडला नाही. त्यानं पुन्हा हाक मारली, तिच्या पाठीला. पलीकडं गलका झाला, भोंगा किंचाळला, ढोल वाजायला लागले. पाखरीनं जत्रा मारली होती.

पुंजाराम हात तसेच पसरून थोडा वेळ उभा होता. मागच्या एका पोरानं त्याला म्हटलं, "बाबा, सरका की, दिसंना झालंय."

तो तसाच घरी गेला असता, पण शिवराजच्या एका मित्रानं अंतिम फेरी मोबाईलवर घेतली होती, आणि मैदानाच्या मधोमध एक म्हातारा हात पसरून कुत्रीला बोलावतोय आणि कुत्री त्याला धुडकावून जातेय, हे त्यात स्वच्छ दिसत होतं. मांडवात फेटा बांधेपर्यंत तो व्हिडिओ दहा फोनांत गेला. शिवराजनं म्हाताऱ्याला ओळखलं, आणि माणूस पाठवून टेम्पोतून उतरवून आणलं.

पुंजारामला वाटलं, आता मार बसणार. निदान शिव्या. त्याला त्याचं काही वाटलं नसतं; शिव्यांत तरी आपण काहीतरी बिघडवू शकलो असतो एवढं मान्य झालं असतं. साहेबराव भगवा फेटा बांधून खुर्चीवर बसले होते. त्यांनी व्हिडिओ दोनदा बघितला, आणि हसत सुटले. खुर्ची हलेपर्यंत हसले.

"अरे पुंजाराम! माझ्या आज्यापासून आम्ही भितोय तुम्हाला! येऊ नको बाबा, येऊ नको, कुत्रं वळेल! आणि हे बघ." त्यांनी मोबाईल त्याच्यापुढं धरला. "तू तर डोंबाऱ्यासारखा नाचतोयस, आणि ती ढुंकून बघत नाही."

"चूक झाली, मालक."

"चूक कसली? बरं झालं. खोटी भीती गेली." मग ते शेजारी उभ्या असलेल्या पोराकडं वळून म्हणाले, "ह्याला पुरीभाजी द्या रे. लांबून आलाय."

पाखरी जीपपाशी झूल पांघरून बसली होती, जीभ बाहेर, पोट आत-बाहेर होत होतं. पुंजाराम पत्रावळ घेऊन तिच्या बाजूनं गेला तेव्हा तिनं शेपटी हलवली आणि त्याच्या हाताला नाक लावलं. तो थांबला नाही.

घरी सारजाबाईनं सगळं ऐकून घेतलं. त्यानं सांगितलं ते एवढंच, की तिनं बघितलं नाही. "ढुंकून बघितलं नाय," तो परत म्हणाला. शब्द मालकाचे होते, पण त्याला दुसरे सुचत नव्हते.

"आवो, कशी बघनार?" सारजाबाई म्हणाली. "तीन साल माझ्या कानाचा भुगा केला तुमी. ताट वाजू दे, शेळी येऊ दे, मटन पडू दे, बघायचं नाय. आता तुमीच बाजूला उभे ऱ्हायले, तं तिच्या लेखी तुमी ताटच की."

हे खरं होतं, आणि पुंजारामला ते कळत होतं. त्यानं जे शिकवलं होतं ते पाखरीनं चोख केलं होतं. यात अभिमान वाटून घेण्यासारखंही काही होतं. पण अभिमान वाटून घ्यायला ज्या टपरीवर जायचं, तिथं व्हिडिओ त्याच्या आधी पोचला होता. सखाराम काही बोलला नाही. त्याचं न बोलणं पुंजारामला जास्त लागलं. पुढं कितीतरी दिवस फाट्यावर कुणी कुणाचं ऐकलं नाही की पोरं हात पसरून ओरडायची, "हे ये, ये, येऽऽ!"

आखाड आला. पुंजारामनं कुत्र्यांच्या जागेवरचं पत्र्याचं छप्पर नीट केलं, नवी पोती अंथरली, काताचे खडे आणले. जीप आली नाही. पाऊस लागला, मका गुडघ्याला आली, तरी आली नाही. फोन लावला तर साहेबराव म्हणाले, "अरे हो, तुला सांगायचं राहिलं." आणि पलीकडं कुणीतरी आल्यामुळं त्यांनी फोन ठेवला.

श्रावणाच्या तोंडावर तो चिकलठाण्याला गेला. साहेबरावांचा बंगला त्यांच्याच प्लॉटिंगच्या तोंडाशी आहे. खालच्या पार्किंगमध्ये, गाड्यांच्या शेजारी, एक काळं मशीन होतं. त्याचा पट्टा फिरत होता आणि पट्ट्यावर पाखरी पळत होती, एकाच जागी, गळ्यातला पट्टा वरच्या दांडीला बांधलेला, समोर भिंत. पिलांचं पुढं बघू, अजून एक हंगाम निघतो हिच्यात, असं शिवराजचं म्हणणं पडलं होतं. शेजारी स्टुलावर एक तरणा पोरगा मोबाईल बघत बसला होता.

तिनं पुंजारामला पाहिलं आणि पळता पळता अशी मान वळवली की पाय चुकला; पट्ट्यावरून मागं घसरली, गळ्याला हिसका बसला. पोरग्यानं मशीन बंद केलं. सोडल्याबरोबर ती पुंजारामच्या अंगावर आली, दोन्ही पंजे त्याच्या छातीवर. साहेबरावांची सून विशाखा चहा घेऊन खाली आली होती. ती कौतुकानं म्हणाली, "बाबा, किती ओळखते हो ती तुम्हाला! आमच्याकडं तर कुणाकडंच अशी येत नाही."

"व्हय," पुंजाराम म्हणाला. त्यानं तिचा पुढचा पंजा हातात घेऊन तळवा दाबून बघितला. मऊ होता, पावासारखा. त्यानं पंजा हळूच खाली ठेवला. तळव्यांचं त्याला कुणी विचारलं नव्हतं.

शिवराज आला. तो काही वाईट पोरगा नव्हता. त्यानं खुर्ची मागवली, पुंजारामला बसवलं आणि समजावून सांगितलं. "पुंजाबा, राग मानू नका. आम्ही समजायचो, कुत्र्याला एकच माणूस लागतो, तुमच्याशिवाय चौमासा निघत नाही. पण जत्रेत आपण सगळ्यांनी बघितलं ना? तुम्ही एवढ्या हाका मारल्या, तिला फरक पडला नाही. म्हणजे तिला पळायचं कळतं, माणसाचं काही नसतं. मग इथं मशीनवर पळाली काय आणि तुमच्या माळावर पळाली काय. मला पण रोज डोळ्यांसमोर राहते."

पुंजारामकडं याला उत्तर होतं. ते सारजाबाईनं त्याला चुलीपुढं दिलंच होतं. मान न वळवणं हे पाखरी आईच्या पोटातून शिकून आली नव्हती. आणि आत्ताच, याच पार्किंगमध्ये, ती पळता पळता वळली होती. पण हे सांगायचं तर आधी कबूल करावं लागणार होतं, की जत्रेत तिनं वळावं म्हणून तो स्वतः दोरीवर वाकला होता, मालकाची शर्यत बुडवायला. हसण्यावारी गेलेली गोष्ट मग हसण्याची राहिली नसती. त्यानं बशीत चहा ओतला आणि प्यायला.

साहेबराव वरून उतरले. जुन्या माणसाला बघून त्यांना बरं वाटलं. त्यांनी घरातून बाजरीचं पोतं काढून द्यायला सांगितलं, काम नसताना. "आणि हे बघ," ते म्हणाले, "यंदा जत्रेला तू यायचंच. आता काही बंधन नाही. मांडवात माझ्या शेजारी बस. लोक विचारतात रे, तो व्हिडिओतला म्हातारा कुठाय म्हणून. तुला पण फेटा बांधू. काय?"

"बरं, मालक."

"आणि ती हाक एकदा भोंग्यावर मार. लोकांना मजा येईल."

पुंजारामनं पोतं रिक्षात घातलं, रिक्षातून एस.टी.त, आणि संध्याकाळी फाट्यावर उतरला. पोतं टपरीच्या फळीला टेकवून तो बसला. सखारामनं हातातलं काम ठेवलं आणि स्वतःहून दोन चहा सांगितले, जे त्यानं पूर्वी कधी केलं नव्हतं.

"काय म्हन्तेत चिकलठाण्यावाले? कुत्री कव्हा येनार?"

"नाय येनार. मशीन घेतलंय."

"कसलं मशीन?"

"जागेवर पळायचं."

सखारामला नीट कळलं नाही, पण त्यानं खोदून विचारलं नाही. पोत्याकडं बघून म्हणाला, "मंग ह्ये कशाचं?"

"असंच दिलं. आन् जत्रेचं आवतन बी दिलं. मांडवात बसवनार हायत. फेटा बांधनार हायत मला."

टपरीवर दोघंतिघं होते, त्यांनी माना वर केल्या. यात टिंगल आहे की मान आहे, हे त्यांना ठरवता येईना.

"जानार का मंग?" सखारामनं विचारलं.

"जाईन की," पुंजाराम म्हणाला. त्यानं चहाचा पेला उचलला. "आता माझ्या जान्यानं कुनाचं काय बिघडत नाय."